प्रतीची प्रत

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने संगणकाच्या हार्ड डिस्कची नक्कल कशी करावी हा विषय व्याख्यानासाठी निवडावा, याचे काहींना नवल वाटले असेल. शंभर वर्षांचे सिंहावलोकन, मराठी कादंबरीची वाटचाल, निदान संतवाङ्मय, असा एखादा विषय अशा प्रसंगी अधिक शोभून दिसतो. परंतु छापखाना येण्यापूर्वी ग्रंथसंग्रह म्हणजे काय होते, याचे स्मरण केले तर हे नवल ओसरते. त्या काळी ग्रंथ राखणे म्हणजे त्याची प्रत करणे. पोथीच्या कडा झिजल्या, कसर लागली, शाईने कागद खाल्ला की ती नव्या कागदावर उतरवायची. कपाट आणि कुलूप यांना फारसे महत्त्व नव्हते. बोरू आणि उतरवणारा माणूस यांना होते. समर्थांना दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घालावासा वाटला, तो उगीच नव्हे.

प्रत नसली तर काय होते, याचा मराठीला अगदी बालपणीच अनुभव आला आहे. म्हाइंभटांनी अपार कष्टाने सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी यादवांच्या पडत्या काळातील धाडीत गेली. पंथातील जाणत्यांनी मग स्मरणाच्या बळावर तो ग्रंथ पुन्हा उभा केला. ग्रंथ परत मिळाला, परंतु एकाचे अनेक पाठ झाले, आणि त्यांतला मूळचा कोणता हा प्रश्न अभ्यासकांना आजतागायत पुरला आहे. दुसरा अनुभव याच्या उलट आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती उदंड होत्या. पण प्रतीवरून प्रत करता करता त्यांत इतके अपपाठ शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना पैठणास अनेक पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पुढे कोणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. एका ठिकाणी प्रतच नव्हती, दुसऱ्या ठिकाणी प्रती होत्या पण पडताळणी नव्हती. संगणकाच्या बाबतीत हेच दोन धोके आहेत. तिसरा नाही म्हटले तरी चालेल.

ग्रंथालयांचा आजचा संसार पाहू गेले तर बहुतेक जुन्या मराठी ग्रंथालयांत चित्र सारखेच आढळते. दाखलनोंदवही, विषयवार यादी, सभासदांची नोंद हे सारे कोणा निवृत्त, हौशी कार्यकर्त्याने दोन-तीन वर्षे रोज संध्याकाळी बसून संगणकात भरलेले असते. दुर्मिळ अंकांची छायाचित्रे त्यातच असतात. आणि हे सगळे कार्यालयातील एका टेबलाखालच्या एका पेटीत, एका हार्ड डिस्कवर असते. महाराष्ट्रात ही यादी नष्ट झाली तर ती पुन्हा भरायला माणसे मिळतील. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी तसे म्हणता येत नाही. येथे ज्यांच्या आजोबांनी दरबारच्या मोडी कागदांवर हात फिरविला, त्यांची नातवंडे घरात मराठी बोलतात, पण वाचतात हिंदी किंवा इंग्रजी. मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तकाचा पहिला परिच्छेद वाचून लेखक ओळखणारा माणूस एकदा गेला की त्याने केलेली नोंद ही केवळ नोंद राहत नाही. ती पुन्हा करताच येत नाही. आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ याच शहरात छापून काढली, म्हणून ते कागद आज अनेक ग्रंथालयांत आहेत. जे छापले गेले नाही, त्याचे काय झाले हे सांगायला नको.

हार्ड डिस्क ही वस्तू मुळात नाजूक. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक होते, आणि तिच्यात मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरे. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट मजकूर बसतो. परंतु रचना तीच: फिरती तबकडी आणि तिच्यावरून केसाच्याही अंशाइतक्या अंतराने तरंगणारा वाचक-कंटक. ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो, धूळ उडते आणि वीज न सांगता जाते-येते, तेथे अशा यंत्राकडून दीर्घायुष्याची अपेक्षा करणे धाडसाचे आहे. नव्या, तबकडी नसलेल्या डिस्का धक्का सोसतात. पण त्या मरतात तेव्हा बहुधा पूर्वसूचना न देता मरतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीच्या नियमित सुधारणा थांबल्या. जुने संगणक बदलण्याची घाई त्यामुळे सर्वत्र सुरू झाली, आणि भंगारवाल्याकडे जाणाऱ्या पेटीत डिस्कही असते हे पुष्कळदा पेटी गेल्यावर ध्यानात येते.

येथे कोणी विचारील की यादीची धारिका तेवढी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली म्हणजे झाले. सबंध डिस्कची नक्कल कशाला? इंग्रजी यादीपुरता हा आक्षेप बराचसा बरोबर आहे. मराठीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

संगणकावर मराठी आली ती सरळ वाटेने आली नाही. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट नावाचे तंत्र विकसित केले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तेथून पुढे वाढले. संगणकात एक जादा कार्ड बसविले की काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्या वेळी तो चमत्कारच होता. पुढे विंडोज आले आणि निरनिराळ्या कंपन्यांचे अक्षरसंच आले. प्रकाशक, वृत्तपत्रे, कार्यालये आणि ग्रंथालये यांनी ते घेतले. या अक्षरसंचांची युक्ती अशी होती की संगणकाला आपण रोमन अक्षरे साठवीत आहोत असेच वाटे. रोमन अक्षराच्या जागी मराठी वर्णाचे, किंवा वर्णाच्या अर्ध्या तुकड्याचे, चित्र बसविलेले असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, एकीचा ‘क’ दुसरीचा ‘ष’. अक्षरसंच हजर असला तर ‘हरि नारायण आपटे’ असे दिसे. नसला तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत १९९१ पासून देवनागरीला हक्काची जागा मिळालेली होती. पण ती आपल्या टेबलापर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षे लागली, आणि बहुतेक ग्रंथालयांच्या याद्या नेमक्या त्या मधल्या काळात भरल्या गेल्या.

म्हणून १९९८ साली भरलेल्या यादीची नुसती धारिका उतरवून घेणे म्हणजे सांकेतिक लिपीतील पोथी घेऊन तिची किल्ली मागे ठेवण्यासारखे आहे. महानुभावांच्या सकळ लिपीने अभ्यासकांना किती काळ दाराबाहेर उभे केले, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. यादी, ती उघडणारा कार्यक्रम, तिचा अक्षरसंच, कळफलकाची मांडणी आणि या सर्वांना आधार देणारी जुनी प्रणाली हे सारे एकत्र असेल तेव्हाच ती यादी मराठीत वाचता येते. हे सारे डिस्कवर ठिकठिकाणी विखुरलेले असते. ते वेचून काढण्याचा प्रयत्न जाणकारही करीत नाहीत. ते सबंध डिस्कच जशीच्या तशी उचलतात.

ही जशीच्या तशी नक्कल दोन प्रकारे होते. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर थेट उतरविली तर तिला क्लोन म्हणतात. जुनी काढून नवी बसविली की संगणकाला बदल कळतही नाही. दुसऱ्या प्रकारात सबंध डिस्कचा मजकूर एका मोठ्या धारिकेत, किंवा धारिकांच्या जुडग्यात, बांधून ठेवतात. तिला इमेज म्हणतात. ती कोठेही ठेवावी, हवी तेव्हा सोडवावी. आणि डिस्कवर जे ‘सी’, ‘डी’ असे कप्पे दिसतात, ती पार्टिशने. १९८३ पासून चालत आलेल्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या जागेतच या कप्प्यांची नोंद असते. चारच मुख्य कप्प्यांना तेथे जागा, आणि दोन टेराबाइटच्या पुढे ती पद्धत मोजू शकत नाही. नव्या पद्धतीने या मर्यादा काढून टाकल्या. पहिल्या पानावरची ही अनुक्रमणिका बिघडली तर मागचा सगळा ग्रंथ शाबूत असूनही संगणक ‘येथे काही नाही’ असे सांगतो.

या कामाचे सर्वांत जुने साधन डीडी. १९७० च्या दशकात युनिक्स प्रणालीबरोबर ते आले. ते अर्थ पाहत नाही, प्रश्न विचारीत नाही. या टोकाचे उचलते आणि त्या टोकाला ठेवते. नव्वदीच्या दशकात घोस्ट नावाचा कार्यक्रम न्यूझीलंडमध्ये तयार झाला. १९९८ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीने तो विकत घेतला, आणि जगभरच्या संगणक-दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी ‘घोस्ट मारणे’ असा वाक्प्रचार रुळला. आपल्याकडेही तो ऐकू येई. शब्दकोशात मात्र आलेला नाही. २०१३ साली कंपनीने नॉर्टन घोस्टची विक्री बंद केली. कप्पे लहानमोठे करणाऱ्या पार्टिशन मॅजिकचीही थोड्याफार फरकाने तीच गत झाली. मालकाने दुकान बंद केले की ग्राहकाच्या हाती जुनी सीडी उरते, आणि त्या सीडीला नवी डिस्क ओळखू येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचे महत्त्व येथे आहे. इंग्रजीत एकाच शब्दाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन्ही अर्थ निघतात, म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना आयुष्यभर तो खुलासा करीत बसावे लागले. मराठीला ती अडचण नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये त्याचे परवानापत्र सिद्ध झाले. कार्यक्रम वापरावा, त्याची घडण पाहावी, ती बदलावी, प्रती करून वाटाव्यात. अट एवढीच की पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि या दोन प्रवाहांच्या संगमातून आज हाताशी असलेली सर्व साधने निघाली.

त्यांतले प्रमुख क्लोनझिला. तैवानच्या सरकारी उच्चक्षमता-संगणन केंद्रात स्टीव्हन शिआउ आणि सहकाऱ्यांनी ते घडविले. पेनड्राइव्हवर ते उतरवून घ्यावे, संगणक त्यावरूनच सुरू करावा, म्हणजे मूळ डिस्क स्वस्थ निजलेली राहते आणि तिची प्रत निघते. डिस्कवरील भरलेला भागच ते उचलते, रिकामा सोडते, त्यामुळे वेळ व जागा दोन्ही वाचतात. रचना अनोळखी असेल तर डीडीच्या जुन्या पद्धतीने अक्षरशः सर्व काही उतरवते. एका इमेजवरून अनेक संगणक एकदम सिद्ध करण्याची सोयही त्यात आहे. ५.६ गिगाबाइटची इमेज एकाच वेळी एक्केचाळीस संगणकांवर सुमारे दहा मिनिटांत उतरविल्याचे त्याचे कर्ते नमूद करतात. शाळेच्या संगणककक्षाला याचा उपयोग मोठा. ग्रंथालयाला एकाच यंत्राची काळजी असते. क्लोनझिलाचे पडदे रुक्ष, प्रश्न पुष्कळ. ज्यांना ते जाचते त्यांच्यासाठी रेस्क्युझिला आहे. ते माउसने चालते आणि क्लोनझिलाने बांधलेली इमेजही सोडवते. कप्प्यांसाठी जीपार्टेड आहे. त्यात डिस्क रंगीत पट्टीसारखी दिसते आणि कप्पे सरकवता, ताणता येतात. ‘लागू करा’ म्हणेपर्यंत काहीही घडत नाही, ही त्याची सभ्यता. हरवलेली अनुक्रमणिका शोधायला टेस्टडिस्क आहे. यांपैकी कशालाही पैसा पडत नाही. परंतु खरी गोष्ट ती नव्हे. कर्त्याने उद्या हात काढून घेतला तरी दुसरा कोणी ते चालवू शकतो, ही खरी गोष्ट. रेस्क्युझिला स्वतःच अशा एका थांबलेल्या कामातून पुन्हा उभे राहिलेले आहे.

ग्वाल्हेरकरांना हा विचार परका वाटू नये. बंदिशी ही घराण्याची ठेव. ती शिष्यालाही जपून, कधी अंतरा राखून द्यायची, असा एक काळ होता. पंडित भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेत छापून कोणाच्याही हाती दिल्या. १९१८ साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने येथे जे संगीत विद्यालय निघाले, त्याचा पाया हाच. स्वरलिपीत गायकी उतरत नाही, हा घराणेदारांचा आक्षेप खोटा नव्हता. पण ज्या बंदिशी कोणी उतरवूनच घेतल्या नाहीत, त्यांच्या गायकीविषयी वाद घालायलाही आज काही उरलेले नाही.

कायद्याचा प्रश्नही थोडक्यात पाहावा. मुक्त साधनांनी डिस्कची प्रत काढता येते, याचा अर्थ डिस्कवरील प्रत्येक वस्तू मुक्त झाली असा नाही. विकत घेतलेला कार्यक्रम हानीपासून संरक्षण म्हणून, मूळ कामापुरता, राखीव प्रतीत ठेवण्याची मुभा १९५७ च्या प्रतिलिप्याधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमाने त्याच्या वैध धारकाला दिलेली आहे. त्याच प्रतीवरून दहा यंत्रे थाटणे ही वेगळी गोष्ट. शिवाय त्या काळच्या काही मराठी प्रणालींना संगणकाच्या पाठीमागे खोचायची एक कुलूप-खिट्टी लागे, जिस्टला कार्ड लागे. डिस्कची प्रत निघते, खिट्टीची निघत नाही. ती ज्या खणात पडली असेल तो खण आजच शोधलेला बरा.

आता धोके. पोथी उतरविणारा लेखक शेवटी नम्रपणे सांगे की जसे दिसले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मजकडे नाही. डिस्कची नक्कल करणारा कार्यक्रम तेवढाच प्रामाणिक असतो. विषाणू असला तर तोही मनोभावे उतरवतो. लेखकाला चुकलेल्या अक्षरावर हरताळ तरी लावता येई. दुसरा धोका अधिक भयंकर आहे. मूळ कोणते आणि कोरे कोणते यांची अदलाबदल झाली, तर यंत्र कोऱ्या डिस्कची सुबक नक्कल भरलेल्या डिस्कवर करून ठेवते. क्लोनझिला दोनदा विचारते, डीडी एकदाही नाही. म्हणून दोन्ही डिस्कांची कंपनी, आकारमान आणि अनुक्रमांक आधी कागदावर लिहून घ्यावेत, आणि शक्य तर दोन डिस्का वेगवेगळ्या आकाराच्या असाव्यात. नवी मात्र जुनीहून लहान नसावी. रिकामी जागा कितीही असली तरी क्लोनझिला मोठ्याचे लहानात बसवीत नाही. आणि नक्कल झाल्यावर जुळ्या डिस्का एकाच यंत्राला लावून ठेवू नयेत; दोघींची ओळख-खूण एकच असल्यामुळे प्रणालीचा गोंधळ उडतो.

डिस्क आधीच कुरकुरू लागली असेल तर नेहमीची साधने बाजूला ठेवावीत. अशा वेळी अंतोनियो दियास दियास यांचे डीडीरेस्क्यू वापरतात. ते चांगला भाग आधी उचलते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि त्या जागी नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. काम मध्येच थांबले तर नोंदीवरून पुढे चालू होते. जीर्ण पोथीची सुटी पाने आधी उतरवून चिकटलेली शेवटी सोडविणाऱ्या माणसाची ही रीत आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हाही मोह टाळून ती बंद करावी आणि तज्ज्ञाकडे न्यावी.

प्रत निघाली, आता पडताळणी. प्रत्येक धारिकेवरून गणिताने एक आकडा काढता येतो. एक अक्षर बदलले तरी तो आकडा पार बदलतो. पोथीत अध्यायाच्या शेवटी ओवीसंख्या देत, त्याचाच हा सूक्ष्म अवतार. हा आकडा प्रतीबरोबर लिहून ठेवावा. परंतु त्यावरही थांबू नये. इमेज सोडवून तिच्यातून यादी प्रत्यक्ष उघडून पाहणे, हीच खरी पडताळणी. त्यासाठी जुना संगणक हवाच असे नाही. क्यूएमयू, व्हर्च्युअलबॉक्स यांसारख्या मुक्त साधनांनी नव्या संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत जुना संगणक उभा करता येतो, आणि १९९८ ची विंडोज आपल्या अक्षरसंचासह तेथे जागी होऊ शकते. एकदा ती जागी झाली की मग सवडीने यादी युनिकोडमध्ये आणावी. तिच्यासाठी लोहित, मुक्त यांसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी अक्षरसंच उपलब्ध आहेत. एकनाथांचे काम या टप्प्यावर सुरू होते. रूपांतरात ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची गफलत, हरवलेले अनुस्वार, दुभंगलेली जोडाक्षरे तपासायला मराठी जाणणारा डोळाच लागतो, आणि येथे असे डोळे अजून आहेत.

प्रती किती व कोठे ठेवाव्यात, याचा एक संकेत जगभर मान्य आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, तेव्हा अभिमानाने जपलेले ग्रंथ आणि हस्तलिखिते काही तासांत विस्कटली गेली; आग, पूर, चोरी यांना तर जमावही लागत नाही. एक प्रत ग्रंथालयात असावी, एक हरिशंकरपुरमात एखाद्या जबाबदार सभासदाच्या कपाटात, आणि एक ग्वाल्हेरबाहेर, इंदूर किंवा पुणे येथील स्नेही ग्रंथालयाकडे. त्यांची एक प्रत त्या मोबदल्यात येथे ठेवून घ्यावी. सभासदांचे पत्ते व दूरध्वनी असलेला भाग बाहेर पाठविताना सांकेतिक शब्दाने बंद करावा; यादी जगाला दाखवावी, सभासदांचे पत्ते दाखवू नयेत.

डिस्कच्या पेटीवर कागद चिकटवून त्यावर शाईने, मराठीत, पोथीच्या शेवटी लिहीत तसे लिहावे: कोणत्या यंत्राची प्रत, कोणत्या दिवशी, कोणत्या साधनाने व त्याच्या कितव्या आवृत्तीने, कोणी काढली, कोणी पडताळली. तबकडी नसलेल्या डिस्का वर्षानुवर्षे विजेविना ठेवल्या तर त्यांतला मजकूर विरू शकतो, म्हणून वर्षातून एकदा त्या लावून पाहाव्यात. खंडेनवमीला कार्यालयातील संगणकाला हळदकुंकू लागतेच. त्याच सकाळी राखीव प्रत उघडावी, यादीतील कोणत्याही दहा नोंदी काढाव्यात, आणि ती दहा पुस्तके फडताळात आहेत की नाहीत हेही जाता जाता पाहून घ्यावे.